नुसते ओठ हलवा

रविवार, ३ मे

नुसते ओठ हलवा म्हणे! चर्चमधली उपासना संपल्यावर गायनमास्तरांनी मला खांबाआड नेलं. "बाई, राग मानू नका. तुमची भक्ती मोठी आहे. आवाजही मोठा आहे. तेवढं पुढच्या वेळेपासून नुसते ओठ हलवाल का?" वर हसले! मी म्हटलं, "हलवीन की." घरी येईपर्यंत ओठ थरथरतच होते.

आठवडाभर दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मी लोकांना "आ करा" म्हणते. आता रविवारी मी नुसता आ करायचा.

ह्यांना सांगितलं. पेपरमागून आवाज आला, "मास्तर धीराचा माणूस आहे." म्हणजे काय, असं विचारलं तर पेपर आणखी वर गेला.

सोमवार, ४ मे

रडले. मग भांडी घासता घासता कालचंच गीत म्हणायला लागले. शेजारच्यांकडे काहीतरी खळकन फुटलं. गप्प बसले.

रविवार, १० मे

ओठ हलवले. कोणाला पत्ता नाही. उलट पाळकबाई म्हणाल्या, "आज गाणं किती गोड झालं!" झालं असेल.

फक्त कॅप्टनकाका तेवढे माझ्याकडे टक लावून बघत होते. पूर्वी बोट चालवायचे, आता आमच्या गल्लीच्या टोकाला एकटेच राहतात. बसतात पहिल्या बाकावर, आम्हा गाणाऱ्यांच्या अगदी नाकासमोर. वाटलं, चोरी पकडली! मी ओठ आणखी जोरात हलवले.

प्रभूला तरी माझी उणीव भासली असेल का? विचारलंय त्याला. मी तर त्याच्यासाठीच गाते हो! मास्तरांसाठी थोडीच गाते!

रविवार, १७ मे

कॅप्टनकाका आले नाहीत. हा माणूस ताप असला तरी येतो. बाक अगदी भुंडा दिसत होता.

मंगळवार, १९ मे

सुपाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. बेल दाबली, दार बडवलं, खिडकीतून हाका मारल्या. आत दिवा चालू, पण हूं की चूं नाही. डबा पायरीवर ठेवून आले. ह्यांना म्हटलं, दार तोडू या का? "आधी त्यांना बाहेर येऊन सूप पिऊ दे," म्हणाले.

रविवार, २४ मे

आमच्याकडे ज्याला कोणासाठी प्रार्थना हवी असेल त्याने जागेवर उभं राहून मोठ्याने सांगायचं असतं. निदान तिथे तरी मोठा आवाज चालतो! मी उभी राहिले. "कॅप्टनकाका अंथरुणाला खिळले आहेत!" खिळलेत असं मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. तोंडातून निघून गेलं. पाळकसाहेबांना गहिवरून आलं. मग मलाही आलं.

सोमवार, २५ मे

संध्याकाळी अख्खी मंडळी कॅप्टनकाकांच्या दारात. प्रत्येकाच्या हातात सूप. दार उघडेना, म्हणून खिडकीखालीच प्रार्थना सुरू केली—डोळे मिटून, हुंदके देत. पाळकसाहेब तर त्यांना थेट स्वर्गातच पोहोचवून आले. आमेन म्हणून डोळे उघडतो तर समोर साक्षात काका! हातात भाजीची पिशवी, गाल टोमॅटोसारखे.

"कोण गेलं?" काकांनी विचारलं.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी चपलांकडे बघितलं.

सुपं मात्र त्यांनी एकूण एक ठेवून घेतली. पाळकसाहेबांनी त्यांचे हात हातात घेऊन विचारलं, "मग चर्चला का येत नाही?" काकांचा चेहरा एकदम उतरला. "बघू," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

शुक्रवार, २९ मे

रिकामे डबे गोळा करून घरोघरी पोहोचवायची शिक्षा मला. रास्तच आहे. डबे आणायला गेले तर नेमके काका दारातच होते. चहा दिला, बोटीच्या गोष्टी सांगितल्या. मला मध्ये बोलायला फट म्हणून ठेवली नाही. निघताना मी म्हटलं, "रविवारी या ना." त्यांनी मान फिरवली.

आता मला एकच धास्ती—जिवंत माणसाच्या दारात मी शोकसभा भरवली, आता हा माणूस चर्चला कायमचा मुकला. माझ्यामुळे! जेवण गेलं नाही. हे माझी पोळी खात म्हणाले, "प्रार्थना कर. मनातल्या मनात."

रविवार, ३१ मे

बाक रिकामा. ओठ हलवले.

मंगळवार, २ जून

दाढ ठणकते म्हणून कॅप्टनकाका दवाखान्यात आले. मी मास्कआडून म्हटलं, "आ करा." नुसते बघत राहिले. दुसऱ्यांदा म्हटलं, तरी तेच. वैतागून मास्क खाली ओढला आणि पुन्हा म्हटलं, तर लगेच आ! माझ्या ओठांकडे बघत होते ते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"इंजिनांनी कधीच खाल्ले कान. कोणाला सांगू नका." मग म्हणाले, "चर्चमध्ये तुमचा एकटीचा आवाज यायचा. त्याला धरून मी सगळी गाणी मनात म्हणायचो. मग त्या रविवारी तुमचे ओठ हलताना दिसले आणि आवाजच नाही! म्हटलं, उरलासुरला कानही गेला. आता तिथे बसून काय करू?"

हातातला ट्रे तसाच धरून गायला लागले. चर्चमधल्या गीताचं पहिलं कडवं, पुऱ्या आवाजात. काकांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर आतून धावत आले. "अहो, भूल न देताच यांची दाढ कोणी काढली?"