एक्स बरोबर तीनला रफू

२ मार्च, सकाळ
सूनबाईनं फोन शिकवला. बटण दाबून बोललं की तो लिहितो. अक्षरशत्रू बाईला लेखनिक मिळाला, तोही चहा न मागणारा. तारीख आपली आपण टाकतो. मला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी वाचायचं नाही. म्हणजे वही एकदम सुरक्षित.

संकल्प: नातीला गणितात पास करणं. दोनदा नापास झालीये. बावीस तारखेला पुन्हा परीक्षा. चाळीस मार्क पडले तर तंत्रशाळेत यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या कोर्सला जागा राखून ठेवलीये. नाही पडले तर जागा दुसऱ्याला आणि पोरगी माझ्या रफूच्या दुकानात, माझ्यासमोर. पन्नास वर्षं सुईवर वाकून माझी मान छत्रीच्या मुठीसारखी झालीये. तिची अजून सरळ आहे.

मला काळजी अशी काही नाही. चहात दोनदा साखर पडली, एवढंच.

४ मार्च, संध्याकाळी साडेसहा
रिटायर झालेले एक मास्तर पाच ते सहा शिकवायला येतात. मी दाराबाहेर एक पॅन्ट घेऊन बसले. रफू करत होते. कान आत होते.

विषय रॅशनल फंक्शन. वर एक हिशेब, खाली एक हिशेब, मध्ये रेघ. खालचा शून्य झाला की सगळं अडतं, कारण शून्यानं भागता येत नाही. मग त्या जागी ग्राफला एक तर होल पडतं, नाही तर असिम्प्टोट येतो. असिम्प्टोट म्हणताना मास्तरांची कवळी हलते.

पण होल म्हणजे भोक! पन्नास वर्षं मी दुसरं केलंय काय?

वर एक्स वजा तीन, खालीही एक्स वजा तीन. दोघं एकमेकांना कापतात. रेघ पुढे सुखानं जाते, फक्त तीनपाशी एवढंसं भोक. पण खाली एक्स वजा पाच असेल आणि वर त्याला जोडीदार नसेल, तर पाचपाशी उभी भिंत. रेघ भिंतीला लागून वर वर जाते, शिवत मात्र नाही. आपल्याकडे दोन्ही येतं. भोक म्हणजे सिगारेटचा चटका, आजूबाजूचं कापड शाबूत. असिम्प्टोट म्हणजे वरपासून खालपर्यंत टरकावलेलं. पहिल्याचं रफू होतं. दुसरं गिऱ्हाइकाला हात जोडून परत द्यायचं.

आत जाऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, आजीबाई, चाळीस वर्षं शिकवतोय, हे मला सुचलं नाही.

आता पास होण्यात फक्त परीक्षा द्यायची बाकी आहे.

९ मार्च
आज वर एक्स वजा तीन एकदा आणि खाली दोनदा. मी दाराबाहेरून ओरडले, भोक! मास्तर म्हणाले, नाही, एक कापला तरी खाली एक उरतोच, म्हणून असिम्प्टोट. नात म्हणाली, आजी, बाहेरून कॉपी पुरवायची तर बरोबर तरी पुरव.

ठिगळ एक, भोकं दोन, एक उघडं राहणारच. मला माहीत होतं. तोंड आधी सुटलं.

संकल्प: मध्ये बोलायचं नाही.

१० मार्च
मध्ये बोलले.

१३ मार्च, दुपार
मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन. दहा दिवस पट्टी. परीक्षेला उरलेत नऊ. सूनबाईनं चार ठिकाणी फोन केले, कुणाला वेळ नाही. हातातला टॉवेल पिळतच राहिली, तो कोरडा होता. मी म्हटलं, मी आहे ना. दूध गॅसवर ठेवून विसरणाऱ्या माणसाकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

दूध एकदाच उतू गेलं होतं.

१४ मार्च
माझा पहिला क्लास. नात वाचते, मी ऐकते. वर एक्स वजा तीन आणि एक्स अधिक एक. खाली एक्स वजा तीन आणि एक्स वजा पाच. तिनं कापाकापी केली. उरलेल्यात तीन घातले, उणे दोन आले. पाचपाशी तुटक उभी रेघ मारली. हात छान चालतो तिचा. मग वळणदार रेघेवर तीनपाशी एक पोकळ टिंब काढलं.

हे काय, विचारलं. म्हणाली, होल दाखवायचं असतं. मी म्हटलं, दाखवायचं? कोटावर रफू कुठे आहे ते गिऱ्हाइकाला सापडलं तर ते रफू कसलं? उणे दोन हा नेमका तिथलाच धागा आहे, मग भरून टाक की. ती म्हणाली, अगं, पण मास्तर म्हणतात... मी म्हटलं, मास्तरांच्या डोळ्याला सध्या पट्टी आहे. रबर घे.

खोडलं तिनं. रेघ अशी जुळली की माझी मलाच दृष्ट लागावी.

१८ मार्च
एकतीस ग्राफ झाले. आधी टिंब काढते, मग खोडते. सवय जाता जात नाही. आज म्हणाली, आजी, नक्की ना? पुस्तकात टिंब आहे. मी पुस्तक मागितलं, पानावर बोट फिरवलं. काही लागलं नाही. माझ्या बोटाला न लागणारं भोक अजून पडायचंय. तसं सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं, मग रबर घेतलं.

सकाळपासून सुईत धागा ओवला जात नाही. सुईच जुनी असणार.

२२ मार्च
परीक्षा. मी गेटबाहेर तीन तास उभी. नात आली, म्हणाली, सहावा प्रश्न अगदी तसाच होता, आठ मार्कांचा. मी विचारलं, टिंब? म्हणाली, नाही काढलं.

लेकरानं कापड नवंकोरं करून दिलं.

६ एप्रिल
छत्तीस.

तपासणाऱ्याची चूक. दुसरं काही असूच शकत नाही.

८ एप्रिल
नातीला घेऊन परीक्षा ऑफिसात गेले. खिडकीतल्या कारकूनबाईंनी पेपर काढला. सहाव्या प्रश्नात असिम्प्टोट बरोबर, तीन मार्क. होल दाखवलेलं नाही, पाच गेले. पाच. तेवढे असते तर एक्केचाळीस.

मी म्हटलं, बाई, होल आहे हो, पण काम इतकं सफाईदार आहे की तुम्हाला दिसत नाही. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आजी, मूळ गणितात तीन घाला. वर शून्य, खाली शून्य. तिथे काही नाहीच. जिथे काही नाही तिथे नाही असंच दाखवायचं. मी म्हटलं, उणे दोन आहे की! त्या म्हणाल्या, ते शेजारपाजारचे जवळ जवळ येतात तिथवर. घर रिकामंच. रांगेतला एक जण म्हणाला, आजींचं बरोबर आहे, द्या मार्क आणि पुढे सरका. मार्क नाही दिले.

घरी सूनबाईनं विचारलं, टिंब का नाही काढलंस? नात म्हणाली, विसरले.

मी भाजी वाढून घेतली.

संकल्प: उद्या सांगायचं.

९ एप्रिल
सूनबाईचं डोकं दुखत होतं.

१० एप्रिल
आज बरी होती. उगाच कशाला परत दुखवायचं.

१५ एप्रिल
जागा दुसऱ्याला गेली. नात सकाळी दुकानात आली, समोर बसली. पहिलंच काम, सोफ्याचं कव्हर. मी म्हटलं, सरळ बस. म्हणाली, सरळ बसलं की धागा दिसत नाही गं आजी. अर्ध्या तासानं तिनं मान चोळली. मग परत चोळली. मी सुई टोचून घेतली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

१७ एप्रिल
सांगितलं. सूनबाई ओटा पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, आई, माहीत आहे आम्हाला. पट्टी निघाल्यावर मास्तर आले होते. त्यांनी ग्राफची वही खिडकीशी धरली. एकतीस ग्राफ, आणि प्रत्येकावर एका जागी कागद घासून विरलेला, आतून उजेड येतोय. मास्तरांनी नातीला काही विचारलंच नाही. तीच म्हणाली म्हणे, आजीला बोलू नका, तिला शिकवताना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढची परीक्षा सप्टेंबरात. जागा मिळेलच असं नाही. मास्तर परवापासून येणार, पाच ते सहा. त्यांची एकच अट. त्या तासाला आजीबाई घरात नकोत.

मी म्हटलं, मी स्वतःच हे सुचवणार होते.

१९ एप्रिल, पाच वाजून दहा मिनिटं
दुकान. या वेळेला गिऱ्हाईक नसतं. घर तीन गल्ल्या पलीकडे. पंखा बंद करून पाहिला.

इथून काही ऐकू येत नाही.