सॉस अगदी शेवटी

पानशेत,
३० जून २०२५

चि. सोनिया हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या मामंजींचा गुडघा आहे तसाच आहे आणि तरी खाचरात उतरायचं ते सोडत नाहीत. लावणी सुरू आहे. सारोळ्याला तुझ्या माहेरी पाऊस कमी असेल. इथे चुलीपाशी घातलेले कपडेही वाळत नाहीत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू रडतेस, मला काही सुचत नाही आणि मग मी उगाच खताबद्दल बोलत बसते.

काम असं आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आकाशला जाऊन वर्ष होईल. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. वर्षभर चुलीवर मांसमच्छी नाही. वर्ष झालं की त्या संध्याकाळी गेलेल्याच्या आवडीचं पान ठेवायचं आणि मग घरातल्यांनी खायचं. मंगलवन्सं म्हणतात, रस्सा करा. पण त्याची आवड म्हणजे ते तिखट विंग्ज. धरणाजवळच्या तुमच्या हॉटेलात पुण्याची माणसं खोळंबून उभी राहायची ते. मला ते येत नाहीत. तू त्याच्या शेजारी उभी राहून तळायचीस. क्रमाने लिहून पाठव. ‘अंदाजे’ आणि ‘चवीपुरतं’ असलं लिहू नकोस.

खरं तर कोंबडीचा पंख हा आपल्याकडे मानाचा तुकडा नव्हेच. तंगड्या पुरुषांना, पंख आणि मान वाढणारणीला. आकाश लहानपणी स्वतःची तंगडी संपवून माझ्या ताटातला पंख पळवायचा. त्याचाच पुढे त्याने धंदा केला.

तुझा भाऊ गोरख येऊन गेला. तुझ्यासाठी स्थळ आलं आहे, माणूस चांगला आहे, पण माझ्या तोंडून हो ऐकल्याशिवाय तू पुढे जाणार नाहीस, असं सांगत होता. मी त्याला चहा दिला. सध्या लावणीचे दिवस आहेत.

आधी विंग्जचं कळव.

तुझी सासू,
अंजना


पानशेत,
१३ जुलै २०२५

चि. सोनिया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेत मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही, पण लिहिलं आहेस व्यवस्थित.

शुक्रवारी वर्ष झालं. सकाळचं सगळं शांतपणे पार पडलं. दुपारी मी चिकनच्या दुकानात गेले. आखाड असल्यामुळे तिथे ही गर्दी. कातडी ठेवून पंख द्या म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, “काकू, कातडं कोन खातंय? सोलून देतो की.” मी पुन्हा बजावलं. तरी हाताच्या सवयीने त्याने काही सोललेच.

टोकं काढली, सांध्यात तुकडे केले, ताक, मीठ आणि आलं-लसूण लावून ठेवले. मैदा आणि कॉर्नफ्लॉवर. एकदा मंद आचेवर तळून निवू दिले आणि पुन्हा कडकडीत तेलात. मग लोण्यावर लसूण, भिजवलेल्या बेडगी मिरचीचं वाटण, गूळ आणि शेवटी व्हिनेगर. त्याचा जो ठसका उठला! ओसरीवरून मामंजी ओरडले, “आगं, मारतीस का काय आमाला?”

हॉटेल बंद करून तो घरी आला की त्याच्या शर्टाला येणारा वास होता तो. मी कढईपाशी उभी राहिले. ठसका बसला की डोळ्यांत पाणी येतं, त्याचा कोणी अर्थ काढत नाही, तेवढं बरं असतं.

चूक मात्र माझ्याकडून झालीच. सॉस अगदी शेवटी, खाणारा बसल्यावर, असं तू खाली रेघ ओढून लिहिलं होतंस. पण पान ठेवायचं म्हणजे सगळं तयार करून झाकून ठेवायचं आणि घरचे जमेपर्यंत थांबायचं, हे माझ्या हाताला इतक्या वर्षांचं ठाऊक. सॉसमध्ये घोळवले, वर ताट झाकलं. मंगलवन्सं खाचरातून उशिरा आल्या. ताट काढलं तर विंग्ज पाण्यात पडलेल्या भाकरीसारखे.

“वैनी, ह्ये इकत घेऊन खात्यात व्हय पुन्याची लोकं?” वन्संनी विचारलं.

“मुकाट्याने खा.”

मामंजींनी एक उचलला, चावला आणि परत ठेवला. “ह्ये त्याचं न्हाई. गिऱ्हाईक बसल्याबिगर त्यो सॉसला हात लावत न्हवता. ताटकळत ठिवायची चीज न्हवं ही.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “गोरखला काय कळवलंस?”

“काही नाही.”

“का?”

मी उठले आणि चूल पुन्हा पेटवली. थोडे तळायचे राहिले होते. ते तळले, सॉस लावला आणि तसेच उघड्यावर नेऊन आधी वळचणीखाली त्याच्या पानावर ठेवले, मग मामंजींच्या ताटात. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, बोटं लाल. ते नुसतं “व्हय” म्हणाले. पंच्याने तोंड पुसलं.

शेवटचा पंख मी घेतला. घेतल्या घेतल्या सवयीने ताट डावीकडे ओढलं, त्याचा हात पोचू नये म्हणून.

उजवीकडे कोणी नव्हतं.

आता गोरखच्या प्रश्नाचं. लावणी हे कारण नव्हतं, हे तुला कळलं असेलच. तू दुसऱ्या घरी गेलीस की ही चवही जाईल, असं मी मनाशी धरून बसले होते. निदान वर्षाच्या वर्षाला येशील, कढईपाशी उभी राहशील, त्याच्या हॉटेलातल्या गोष्टी सांगशील. आता मला करता येतात. काल पुन्हा करून पाहिले, जमले. तुला थांबवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

गोरखला माझा होकार सांग. तुळशीचं लग्न झालं की उरकून घ्या. मी लग्नाला येणार नाही. मला चारचौघांत रडायला आवडत नाही आणि तिथे मी रडेन. मामंजी येणार म्हणतात, त्यांना येऊ दे. गोड कमी वाढा.

पत्रात तू हॉटेलची कढई मागितली होतीस. ती देणार नाही. दुसरं काहीही माग.

पाकिटावर नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. वर्षभर तुझ्या नावाआधी मी नुसतं ‘चि.’ लिहीत आले. आज लग्न ठरलेल्या मुलीच्या नावाआधी लिहितात तसं पूर्ण ‘चि. सौ. कां.’ लिहिलं आहे. शाई थोडी फुटली आहे, हात ओले होते. वाचता येईल.

आकाशची आई,
अंजना