विहिरीतला हात

शनिवार, १ ऑक्टोबर २०११

आज सिनेमा मंडळात आमच्या क्लिफर्डने पुन्हा ती विहीर काढली. ‘राखेचे हात’मधली म्हणे. पांढऱ्या झग्यातली बाई कंदील घेऊन विहिरीत वाकते, खालून एक हात वर येतो आणि कंदील काढून घेतो – अगदी अदबीने, पाहुण्याची छत्री घ्यावी तसा. लग्नाच्या आधीपासून ऐकतेय मी हे. असा प्रसंगच नाही त्या सिनेमात!

तसं सांगितलं तर नवरा सगळ्यांना म्हणतो, “तिने कोटात तोंड खुपसलं होतं, तिला काय दिसणार?” सगळे खो खो हसले. उभ्या जन्मात मी भुताच्या सिनेमाला डोळे मिटलेले नाहीत. लांडग्याची शेपटी नुसती हलली तरी हा माणूस खुर्चीचा हात घट्ट धरतो, आणि भित्री मी.

वर माझी बहीण. धाकटी आहे पण मला अक्कल शिकवायची एक संधी सोडत नाही. म्युरियल म्हणाली, “मला पक्कं आठवतंय. हात वर आला तेव्हा क्लिफर्डने माझा दंड असा धरला की वळ उठले होते.”

धादांत खोटं. आम्ही तिघं एकत्र गेलो होतो आणि मधल्या खुर्चीत मी होते. माझ्या मांडीवरून हात लांबवून धरला की काय हिचा दंड?

आमच्या मंडळाचा नियम आहे – सिनेमाचा वाद तोंडाने मिटवायचा नाही, पडद्यावर मिटवायचा. जो चुकेल त्याने हंगामभर मध्यंतराचा चहा करायचा. चिटणीस डेनिस म्हणाला, हल शहरातल्या एका संग्राहकाकडे तेव्हा एकाच खेळात लागलेली अख्खी जोडी आहे, ‘राखेचे हात’ आणि ‘दलदलीचं लग्न’. आणतो.

आण बाबा. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे.

रविवार, ९ ऑक्टोबर

म्युरियल जेवायला आली. तिच्या ताटातलं यॉर्कशर पुडिंग, भाजलेल्या पिठाची ती वाटी, फुगलं नाही, ते तिने दोनदा बोलून दाखवलं. क्लिफर्डने स्वतःचं उचलून तिच्या ताटात ठेवलं. त्याचं बरं फुगलं होतं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

झोपेचं खोबरं झालंय त्या विहिरीपायी. त्या दिवसाचं मला सगळं लख्ख आठवतं. क्लीथॉर्प्सचं समुद्राजवळचं थिएटर, दुपारचा खेळ, एका तिकिटात दोन भुतं. कागदात चिप्स, व्हिनेगर जास्त. ‘राखेचे हात’ संपला, मध्यंतर झालं आणि मला उठावं लागलं, कारण मासळीच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी होती. क्लिफर्ड मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, “तुझ्याशिवाय दुसरा नाही बघत. आईला पण दम लागलाय, घरी जातो.” आणि तिथेच, मासळीच्या वासात, त्याने पहिल्यांदा माझा मुका घेतला. म्युरियल मात्र थिएटरातच बसून राहिली. ती कशाला उठतेय!

‘दलदलीचं लग्न’ मी आजवर पाहिलेला नाही. त्यानेही नाही. लग्न ठरलं तेव्हा तोच म्हणाला होता, “तो आपण दोघांनी मिळून बघायचा राखून ठेवू.” मग तो सिनेमा कुठे लागलाच नाही. टीव्हीवरही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला गोड वाटावं असं त्याचं हे एकच वाक्य. बाकी सगळं गटार तुंबलंय, बिल आलंय, चहा निवलाय.

शनिवार, २९ ऑक्टोबर

जिंकले!

‘राखेचे हात’ पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत पाहिला. पापणी मिटली नाही. विहीर नाही, कंदील नाही, बाईला पांढरा झगासुद्धा नाही. दिवे लागले तेव्हा सगळे क्लिफर्डकडे बघत होते. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. म्युरियल पर्समध्ये काहीतरी शोधत बसली.

डेनिस म्हणाला, “बोल थेल्मा, दंड कुणाला?” मी म्हटलं, “दोघांना. दोघंही छातीठोक बोलत होते ना? मग हंगामभर दोघांनी मिळून चहा करायचा.” टाळ्या पडल्या. कोटात तोंड खुपसणारी म्हणे!

दुसरा सिनेमा लावायच्या आधी प्रोजेक्टरचा दिवा गेला. आता पुढच्या शनिवारी.

घरी येताना बसमध्ये मी म्हटलं, “चला, एकदाचा आपला राखून ठेवलेला सिनेमा बघू.” तर म्हणतो, “राहू दे. टुकार आहे तो. उगाच कशाला थंडीत जायचं?” न बघताच टुकार. हरला की असाच फुगून बसतो.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

म्युरियलचा फोन. शनिवारी डोकं दुखणार आहे म्हणे. गुरुवारीच कळलं हिला! मी म्हटलं, “डोकं दुखो की पाय, दंड तो दंड. आली नाहीस तर डेनिसला घेऊन तुझ्या दारात येईन.” तर म्हणाली, “तुला नेहमी जिंकायचंच असतं, थेल्मा.” हो, असतं. क्वचितच मिळतं मला.

शनिवार, ५ नोव्हेंबर

बाहेर मुलांचे पाच नोव्हेंबरचे नेहमीचे फटाके चाललेत. क्लिफर्ड खालच्या खोलीत आहे, जिना चढून आलेला नाही.

‘दलदलीचं लग्न’. निम्मा झाला आणि विहीर आली. पांढरा झगा आला. कंदील. मग खालून हात वर आला, अगदी अदबीने. सगळ्या सभागृहात हशा पिकला. डेनिस ओरडला, “अरे, या दोघांनी सिनेमांचीच अदलाबदल केलीय! म्हातारपण, दुसरं काय!” मीही हसले. हसावंच लागलं.

मधली खुर्ची माझी होती. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी कारखान्यात होते. आणि हा म्हणे घरी, आईपाशी.

सिनेमा संपून मध्यंतर झालं आणि मंडळाने हंगामाचा दंड सुरू केला. ती दोघं आतल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं गेलं. किटलीचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. एप्रिलपर्यंत दर शनिवारी आता असंच. मीच लावलंय ते.