न वाचता सही

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू देशाचा सर्वेसर्वा झाल्याचं रेडिओवर ऐकलं. म्हटलं, याच नावाचा दुसरा कोणी असेल! दोन सेनापतींचं खुर्चीवरून जमेना, म्हणून तीस वर्षांत एकाही कागदाला नाही न म्हटलेला कारकून दोघांनाही चालला म्हणे. अरे, घरी भाजी कोणती करायची ते तुला कधी ठरवता आलं नाही. धन्य आहे!

आता काळजीचं. तुझ्या भावजींना काल सलूनमधून धरून नेलं. गिऱ्हाईकाची दाढी करताना ते एवढंच म्हणाले, की आमचा मेहुणा झुरळ दिसलं की माळ्यावर चढायचा. खोटं आहे का? त्यांचा दमा तुला माहीत आहे आणि पंप घरीच राहिलाय. सोडव रे बाबा, माझा जीव थाऱ्यावर नाही.

खुर्चीत बसूनही लोभ ठेव.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आम्ही, म्हणजे मी, खुशाल आहे. इथे मी घास घेतला की सगळे टाळ्या वाजवतात. धड गिळवत नाही.

भावजींच्या अटकेवर सही माझीच निघाली. जेवणाआधी तीनशे कागद येतात. ऑफिसातली सवय, वाचतो कोण? सोडा म्हणालो, तर सेक्रेटरीने दुसरा कागद पुढे केला. सर्वेसर्वा चुकत नाहीत, म्हणून त्यांचा हुकूम फिरत नाही, आणि फिरवा असा अर्ज करणाऱ्यालाही आत टाकावं. त्यावरही माझीच सही! मला रडू फुटलं, तर त्याने देशभर दुखवटा जाहीर केला. नवा पंप मी गुपचूप पाठवलाय. तू मात्र चुकूनही अर्ज करू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १२ मार्च

चि. ठोंब्यास,

अ. आ. तुझं पत्र आज मिळालं. अर्ज मी परवाच देऊन बसले. दारात चार शिपाई उभे आहेत. बिचारे सज्जन, पत्र पुरं होईपर्यंत थांबतो म्हणाले.

हुकूम मी मागून घेतला आणि वाचला. माझं नाव, पत्ता, आपल्या बाबांचं नाव, सगळं बिनचूक. खाली तुझी सही. निदान बाबांचं नाव तरी ओळखीचं वाटायला हवं होतं.

भावजींना तुझा नमस्कार सांगेन. जेवत जा. पाटीवर हात धरून तुला लिहायला मीच शिकवलं, ठोंब्या. वाचायलाही मीच शिकवलं होतं रे.

तुझी ताई