सातवा रोडगा

५ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा झाली. रोडग्याचे गहू जाडसर दळून आणले. नात बसायला लागली. रविवारी तिला गायरानात आसरांपुढं, पाण्याच्या देवींपुढं न्यायचं. तिथं कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजायचे, त्याच विस्तवाची राख बाळाच्या कपाळी. माझ्या विजूच्या, नातीच्या बापाच्या वेळी सासूबाई होत्या. आता तिथं सोलरच्या प्लेटा, भोवती जाळीचं कुंपण. वॉचमन जानेफळचा. ऐकेल म्हणतात.

६ डिसें., शुक्र.
वांगी घेतली. किडकी दोन दिली मेल्यानं.
पूर्वी गायरानात निम्मं गाव लोटायचं. गवऱ्यांचा धूर, बायांची गाणी. झऱ्याकाठी शेंदराचे सात दगड, त्याच सात आसरा. एकेकीपुढं गरम रोडगा फोडून तूप. उरलेलं तिथंच संपवायचं. जाऊबाईंनी एकदा पदरात बांधून घेतले, तर सासूबाई कडाडल्या, "ठेव खाली! घरी नेलं तं आसराईले वाटते बाईनं बोलावलं. मांगं मांगं येतेत मंग."

८ डिसें., रवि.
वॉचमननं गेटवरच अडवलं. "काकू, विस्तव आत नाही चालत. वायरी हायेत."
शेजारची शांताबाई सोबत होती. "काऊन बे? सूर्याची वीज करता अन् गवरीले भेता?"
तोही हसला. "माह्या हाती काय हाय, काकू? रोडगे द्या, मी ठेवतो."
कुंपणाबाहेरच गवऱ्या पेटवल्या. रोडगे छान फुटले. त्यानं बूट काढले, परात घेऊन आत गेला. आम्ही जाळीतून सांगत होतो. बराच वेळ घुटमळला.
"काकू, सहाच दगड हायेत."
"नीट पाय. झऱ्याकडून मोज."
"झरा कुठी हाय?"

राख लावली तशी नात शिंकली. सगळ्या हसल्या. परातीत एक रोडगा परत आला. शांताबाई म्हणे, वाटून खाऊ. मी पदरात बांधला.

९ डिसें., सोम.
रोडगा देव्हाऱ्याजवळ, वाटीखाली.
सून म्हणाली, "आई, घरी आनायचा नसते ना?"
"नसते."
"मंग?"
हे म्हणाले, गाईला घालू का. नको म्हटलं.
दिवेलागणीला लाइट गेली, रोजच्यासारखी. समई लावली. शेजारी तांब्या भरून ठेवला, झऱ्याची सवय असलेली ती सातवी. दार नुसतं लोटलंय. हे कडी लावायला उठले होते, म्हटलं राहू द्या.