झेंड्यापुरता किनारा

३ मार्च

पोरीचा कान पुन्हा वाहतोय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोहते कुठे? म्हटलं, किनाऱ्यावर, आणखी कुठे — छत्र्या-खुर्च्या भाड्याने द्यायचा माझा धंदाच तिथे. नाल्याच्या बाजूला का, म्हणाल्या. तिकडचीच मुलं येतात म्हणे त्यांच्याकडे, कान नाहीतर डोळे घेऊन.

आणि याच किनाऱ्याला स्वच्छतेचा पुरस्कार मिळणार! झेंडा लागणार!

४ मार्च

नवऱ्याला विचारलं. नगरपालिकेसाठी पाण्याचे नमुने हाच तर घेतो. बाटली बुडवतोस कुठे? आधी माझ्याकडे बघेचना. मग म्हणाला, खडकापाशी. म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, जिथे तळ दिसतो! त्याच्या साहेबांनीच ती जागा ठरवून दिलीय.

"आणि पोरीचा कान?"

"झेंडा आला की गिऱ्हाईक येईल. खुर्च्या तुझ्याच भरणार ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं नाही ना ते. म्हणून तर जास्त संताप.

५ मार्च

अबोला.

९ मार्च

साहेब स्वतः येऊन गेले. परवा परीक्षक येणार. खुर्च्या एका रांगेत हव्यात, छत्र्या एका रंगाच्या, आणि नाल्याकडे कुणी फिरकायचं नाही. नाल्याच्या तोंडापुढे कुंड्या मांडल्यात. कुंड्या! घाण झाकायला फुलझाडं! वर मला सांगतात, तुमचंच भलं आहे यात ताई. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हो हो करत राहिले. स्वतःचाच राग येतोय.

११ मार्च

केलं एकदाचं.

सकाळीच कुंड्या बाजूला सारल्या आणि माझी सगळ्यात चांगली छत्री-खुर्ची नाल्याच्या तोंडाशी नेऊन मांडली. परीक्षकबाई उन्हात चालून दमल्या होत्या. हाक मारली, बसा ना जरा सावलीला. बसल्या. लगेच रुमाल नाकाला! साहेब वाळूतून धावत आले, एक बूट मागेच राहिला. ही जागा वापरात नाही, म्हणायला लागले — तेवढ्यात चार-पाच पोरं आमच्या समोरून धडाधड पाण्यात शिरली.

बाईंनी विचारलं, नमुना कुठला घेता? साहेब तोंड उघडणार, तर त्यांनी हात वर केला आणि थेट माझ्या नवऱ्याकडे वळल्या. हा आपल्या पायांकडे बघत उभा. मला वाटलं, खरं गिळतोय आता.

"त्या टोकाचा," म्हणाला. "इथला कधीच घेतला नाही. घेऊ नको म्हणून सांगितलं होतं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक.  रात्री घरी जेवताना त्याने माझंही ताट वाढलं.

१८ मार्च

याला पाण्याच्या कामावरून काढून भांडारात बसवलं. झाडू-बादल्या सांभाळायला. हॉटेलवाला मला बघून रस्त्यावर थुंकला. झेंडा गेला की माझ्या खोल्या रिकाम्या राहतील, म्हणतो. राहू देत! त्याच्या पोरांचे कान धडधाकट असतील.

२ एप्रिल

पुरस्कार मिळाला.

कसा, तर सोपं आहे. किनाऱ्याची हद्दच बदलली! माझ्या शेवटच्या छत्रीपाशी दोरी बांधली — तिथे किनारा संपला. पलीकडे नाला, पलीकडे घाण, पण ते आता किनाऱ्यात मोडत नाही. जीवरक्षकसुद्धा दोरीपर्यंतच. पोरं पोहतात मात्र तिथेच, पाणी उथळ म्हणून. आणि त्या बाईंनी नाक दाबून सगळं पाहिलं होतं! साहेबांनी आमच्याकडे मिठाई पाठवली. खोक्यासकट परत केली. एवढी चिडलेय की पेन कागदात रुततंय.

३ एप्रिल

हा आज कामावर गेलाच नाही. दोरी ओलांडून नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलाय. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पोराला माघारी पाठवतोय. मी छत्र्या उघडल्या नाहीत. निघाले तिकडे.