शिवलेली पानं

सोमवार, दुपार
दुकानातून

धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी आणि तुझी भिंगरी, दोघी बऱ्या आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. आता मुद्द्याचं. परवा तुझं आणखी एक पार्सल आलं. ते मी फोडलेलं नाही आणि फोडणारही नाही. अस्तराच्या ठाणाखाली सारून ठेवलंय. एक पुस्तक पुरं होत नाही तोवर तू दुसरं धाडतेस, आणि प्रत्येकाला वरून चिठ्ठी टाचलेली: रोज इतकी पानं, इतके नवे शब्द, गोष्टीतून काय शिकलीस ते खाली लिही. अगं, ती तुझी लेक आहे की हाताखालची कारकून? माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी इतकी तंबी देत नाही, आणि मी किती खडूस आहे ते तुला माहीत आहे.

हे फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आपण बोलत असलो की भिंगरी कपाटाआड कान देऊन उभी असते. म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच, पण शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, राग मानू नकोस, पण तुझ्या घरात वाचनाचं वातावरणच नाही." मी राग मानला. चांगलाच मानला. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. एका बाईची बाही उलटी जोडली. माझ्या घरात छापील म्हणशील तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि मशीनच्या तेलाचा डबा, हे मला कबूल. शाळा मी कशीबशी चौथीपर्यंत केली, हेही तुला माहीत. तरी तुम्हा दोघांची बदली झाली तेव्हा, घर लागेपर्यंत पोरीला ठेव ताई, म्हणून तू माझ्याच दारात आली होतीस. तेव्हा वातावरण बघितलं नव्हतंस.

जाऊ दे. ते नाही लिहायचं मला.

तू पहिलं पुस्तक पाठवलंस ते आठवतंय ना, जाडजूड, घोडी हरवलेल्या पोरीचं. भिंगरीने ते हातात घेतलं, चार पानं चाळली, तडक शेवटच्या पानावर गेली, तिथल्या चार ओळी वाचल्या आणि कागदावर लिहिलं, "शेवट चांगला आहे. मी धीर धरायला शिकले." मग पुस्तक टाकून बाहेर. मी म्हटलं, "इतक्यात झालं?" तर म्हणते, "आईला एवढंच लागतं." मला हसूही आलं आणि संतापही. अर्धवट काम मला खपत नाही. कुणी काज न करता गुंडी लावली तर मी ती उपटून काढते.

मग मी काय केलं ते सांगते, आणि मधे बोलू नकोस. गादीची सुई घेतली, आणि सुरुवातीची काही पानं मोकळी ठेवून बाकीचं सगळं पुस्तक शिवून टाकलं. थोड्या थोड्या पानांचा गठ्ठा करून, बाहेरच्या कडेला, अक्षरांना धक्का न लावता, कच्चा धावदोरा. कच्चा म्हणजे आपण कपडा मापाला घालून बघताना घालतो तो, गाठ नसते, ओढला की निघतो. तिला म्हटलं, मोकळी पानं वाचून झाली की कातर मागायची, मी एक गठ्ठा उसवून देईन. आधी नाही.

तिने थयथयाट केला. "असं जगात कुणी करतं का?"

"मी करते."

"आईला सांगीन."

"सांग. पुस्तक तिचं आहे, दोरा माझा आहे."

तिने तुला सांगितलं नाही, यावरून मला काय ते कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईसाहेब दुकानाच्या दिव्याखाली पुस्तक उभं धरून शिवलेल्या पानांत वरून डोकावतायत, जशी एखादी दुसऱ्याच्या खिशात बघते. एक डोळा मिटलेला. "मावशी, आत 'दरी' लिहिलंय. ती दरीत पडते का?" मी म्हटलं, मला काय माहीत, वाच म्हणजे कळेल.

आता ती खरंच वाचते की पानं उलटते, हे मला कसं कळणार? माझे डोळे सुईवर. म्हणून मी सांगितलं, मोठ्याने वाच. निव्वळ पहारा म्हणून, दुसरं काही नाही. ती कापायच्या टेबलावर चढून बसायची, पाय खाली हलवत, आणि मी मशीनवर. सुरुवातीला अडखळायची, मग बरी वाचायला लागली, मग घोडीचा आवाजही काढायला लागली. आणि धाकटे, एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी मशीनचा पायटा मारायचं थांबवलंय. खडखडाटात ऐकू येईना म्हणून. हातातलं काम तसंच मांडीवर.

वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका, ज्यांनी जन्मभर बस हाकली, ते पँट आखूड करायला द्यायला आले होते. ऐकत उभे राहिले. मग स्टूल ओढून बसले. दुसऱ्या दिवशी आणखी एक पँट घेऊन आले. ती मुळात आखूडच होती.

"घोडी मेली असणार," ते म्हणायचे. "इतक्या थंडीत राहत नाही जनावर."

"काका, टाके उसवल्याशिवाय काही बोलायचं नाही," भिंगरी त्यांना दटावायची. "तुम्हाला शेवट माहीत नाही."

"तुला तरी कुठं माहीत?"

"मी शेवटचं पान वाचलंय. पण त्यात घोडीचं काहीच नव्हतं."

इतकं बोलून तिने हातातलं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. म्हणजे शेवट चांगला कसा, हे तिला तेव्हा पहिल्यांदा खुपलं. त्या दिवशी तिने कातर दोनदा मागितली. मी दिली नाही. खिळ्याला टांगलेली असते ती, तिचा हात पोचत नाही. रात्री झोपेत विचारते, मावशी, घोडीला घर आठवत असेल का?

हे मी तुला तेव्हा का नाही सांगितलं, तर तू पुस्तकाला भोकं पाडली म्हणून ओरडली असतीस. आणि दुसरं म्हणजे, चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं काही कुणाला सांगितलं की मला धाकधूक होते.

मग गेल्या महिन्यातला तुझा तो रविवारचा फोन. निवासी शाळा बघितलीस, मोठं ग्रंथालय आहे, मुलं शिस्तीत वाचतात, नव्या सत्रापासून तिला तिथे टाकायचं. मी ऐकून घेतलं. तुझी लेक, तुझा निर्णय. मग तू तिला फोन द्यायला लावलास आणि म्हणालीस, "ते पुस्तक एकदाचं संपव राणी, संपवलंस की मी आलेच तुला न्यायला." तू लाडाने म्हणालीस, मी ऐकत होते, तुझ्या आवाजात काही वाईट नव्हतं.

त्यानंतर पोरगी वाचेनाशी झाली.

म्हणजे एकदम नाही. पान अर्धं वाचायची आणि म्हणायची, घसा दुखतो. मी काढा करून दिला, तो निमूट प्यायली, जी एरवी घर डोक्यावर घेते. मग म्हणायची, मागचं विसरले, परत पहिल्यापासून वाचते. काका म्हणाले, "अगं, दरीचं झालं की आपलं." तर त्यांच्यावर चिडली. मला वाटलं डोळे बिघडले असतील. पलीकडच्या चष्मेवाल्याकडे नेलं, तो म्हणाला ठणठणीत. मग वाटलं आतून ताप असेल. कपाळाला हात लावून बघायचे, ती हात झटकायची. शाळेतून येऊन नुसती बॉबिनला दोरा गुंडाळत बसायची. तू फोनवर विचारायचीस, "अजून तेच पुस्तक?" आणि मी म्हणायचे, वाचतेय वाचतेय. खोटं बोलत होते तुझ्याशी. तू आणखी पार्सलं धाडलीस, तुझा तरी काय दोष. पण प्रत्येक पार्सल आलं की तिचं तोंड इतकंसं व्हायचं.

शनिवारी ती शाळेत असताना मी ते पुस्तक हातात घेतलं. म्हटलं बघू तरी किती उरलंय. तर जी पानं मी स्वतः उसवून दिली होती ती परत शिवलेली. हिरव्या दोऱ्याने. शेवटचा न उसवलेला गठ्ठाही माझ्या टाक्यांवरून पुन्हा शिवलेला. माझा कच्चा दोरा पांढरा असतो, हिरवा मी पुस्तकाला कशाला वापरीन? टाके वाकडेतिकडे, एक मोठा एक बारीक, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. गाठीवर गाठ. दरीचं पान तर तिने चारी बाजूंनी शिवून टाकलं होतं, अक्षरांवरूनसुद्धा. अशी शिवण उसवत नाही, कापावी लागते.

ती आल्यावर मी पुस्तक पुढे ठेवलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"का गं?"

दप्तराचा पट्टा चावत उभी. मग म्हणाली, "संपू नये म्हणून."

"आवडत नाही का पुस्तक?"

माझ्याकडे असं बघितलं की मला इतकंही कळत नाही. "आवडतं म्हणून तर. संपलं की आई न्यायला येणार ना."

मी तिला जवळ घेतलं नाही. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, हातपाय धू. ती आत गेली, आणि मी मशीनपाशी बसून राहिले, दोरा ओवत, तो काही ओवला जाईना.

तुला हे वाचून लागेल. लागू नये म्हणून मी आठवडाभर कुढत बसले असते, पण कुढायला वेळ नाही. तुझ्यावर तिचा जीव आहे. तुझा फोटो उशीखाली असतो, फोनची वाट बघते, तुझा आवाज काढून मला चिडवते. तू यावंस असं तिला वाटतं. जावंसं वाटत नाही.

काल निजताना तिने विचारलं, "तिथे मोठ्याने वाचू देतात का?" मी म्हटलं, ग्रंथालयात गप्प वाचायचं असतं. "मग काकांना कसं कळणार घोडीचं काय झालं?" मी म्हटलं, झोप. ती झोपली. मला झोप आली नाही.

आता तू म्हणशील, ताई पोरीला अडकवून ठेवतेय, आपलं रिकामं घर भरायला. म्हण. मी स्वतःला तेच विचारून दमले. पार्सलावरून भांडत बसले ते काही खरं भांडण नव्हतं, तू ओळखलंच असशील. ती गेली तर संध्याकाळी या दुकानात मशीनशिवाय आवाज राहणार नाही, हे मला दिसतं. पण ते माझं मी बघून घेईन, आजवर बघितलंच की. मला भीती वाटते ती दुसरीच. आज पुस्तक संपलं की घर सुटतं, असं तिच्या डोक्यात बसलंय. ते तसंच घेऊन ती त्या मोठ्या ग्रंथालयात गेली, तर तिथे रांगेत बसून पानं उलटेल, शेवटच्या चार ओळी वाचेल, "मी धीर धरायला शिकले" लिहील, आणि तुम्ही सगळे म्हणाल, वा. जन्मभर तशीच वाचेल मग. मला पुस्तकातलं काही कळत नाही, पण चुकीच्या जागी बसलेली गाठ मला कळते.

आणि आणखी एक, आता लिहायला बसलेच आहे तर. घोडीचं काय झालं ते मलाही कळायला हवंय.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तू त्या शाळेत पैसे भरून जागा पक्की करणार आहेस. त्याआधी इकडे ये. न्यायला येऊ नकोस, ऐकायला ये. येताना पार्सल नको, चिठ्ठी नको, काय शिकलीस ते विचारायचं नाही. टेबलाशेजारी स्टूल आहे, काका सरकतील. उरलेला गठ्ठा मी तसाच ठेवलाय, माझा पांढरा दोरा आणि त्यावर तिचा हिरवा. तो तू तुझ्या हाताने काप, आणि तिच्या तोंडून शेवट ऐक. पुस्तक संपलं, आई शेजारी बसलेली आहे, आणि कुणी कुठे गेलं नाही, हे तिला एकदा बघू दे. मग तुला वाटलं तर ने तिला. मी दारात आडवी येणार नाही. कपड्यांची पेटीही मीच भरून देईन.

या गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं, फोनवर चालेल. 'बघते', 'कळवते', 'कामाचं काही सांगता येत नाही' असलं नको. येते म्हण किंवा येत नाही म्हण. येणार नसशील तर तसं थेट भिंगरीला सांग, मी मधे निरोप देणार नाही. रोज दुकान उघडलं की ती आधी खिळ्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

तोवर कातर खिळ्यालाच आहे.

तुझी,
ताई